बँकेच्या जागी भामा

भामाला रीत उरली नाही, हे चंद्रावतीला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. पण रीत सोडायलाही काही हद्द असते की नाही? गुडघ्यांचं ऑपरेशन केलंस, कळवलं नाहीस. बरं. लेकीचं लग्न काढलंस, हळदीला बोलावलं नाहीस, वर पत्रिका धाडलीस ती पोस्टाने, जणू आम्ही लातूरला राहतो. तेही बरं. मागच्या गणपतीत उरण नाक्यावर गाड्या तुंबल्या, खिडकीला खिडकी लागली, तर काच वर केलीस. केलीस तर केलीस. काच तुझी, बोट तुझं. पण जिने तुला चुलीपुढे बसवून तांदळाच्या पिठात पाणी किती मुरतं ते दाखवलं, तिची सावकारीण व्हायला निघालीस? थोरल्या जावेची? आमच्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही. आणि केलं असेल तर तोंडावर सांगून केलं असेल, बँकेच्या पाठीमागून नाही.

हे सगळं ती तोंडातल्या तोंडात बोलत होती, कारण समोर परकी बाई बसली होती आणि परक्यासमोर घरचं उणंदुणं काढायचं नाही, एवढं तिला दुसरीतून शाळा सोडूनही कळत होतं. मुलाच्या, धनेशच्या, ऑफिसात तिला आवडावं असं काहीच नव्हतं. एसीचा वारा नेमका मानेवर यायचा. खुर्चीला चाकं होती. बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय जी हलते तिला खुर्ची कसली म्हणायचं? पदर कानावरून घेऊन, पाय अर्धे चपलेत नि अर्धे हवेत ठेवून ती ताठ बसली होती. कंपनी मुलाची असली तरी जमीन तिच्या नावावर होती, म्हणून कुठलाही मोठा कागद तिच्या सहीवाचून पुढे सरकत नसे, आणि सहीला बोलावलं की ती इस्त्रीचं लुगडं नेसून येत असे. परकी बाई म्हणजे हेतल, बँकांचे कागद बघणारी वकील, धनेशहून लहान, केस मोकळे, बोलायला गोड. धनेश फोनवर सिमेंटवाल्याला झापत होता.

"काकू, एकदम सिंपल आहे," हेतल मघाशी म्हणाली होती. "तुमच्या टॉवरना चार बँकांनी मिळून कर्ज दिलंय. त्यातल्या एका बँकेला आता बाहेर पडायचंय. ती तिचा वाटा दुसऱ्याला विकणार. मग वसुलीचा, मीटिंगमध्ये मत द्यायचा, सगळा हक्क त्या नव्या माणसाकडे जाणार. करारात लिहिलंय कोणाला विकता येईल ते. बँक चालेल, फायनान्स कंपनी चालेल, फंड चालेल, परदेशातला ट्रस्टपण चालेल. आपल्याला त्यात बोलायला जागा एकच. कोण चालणार नाही, त्यांची नावं आपण आधी सांगायची. ती सोडून बाकी कोणालाही ते आपल्याला न विचारता देऊ शकतात."

"आणि काका मागतोय तो वाटा," धनेश फोनवर हात ठेवून म्हणाला. "अपूर्वच्या फायनान्स कंपनीतून. म्हणून त्यांचं नाव नकोवाल्यांत टाकलंय, आई. बाकी कुणालापण देऊ दे." मिसळीत कांदा नको, असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं आणि पुन्हा सिमेंटकडे वळला.

चंद्रावतीला धक्का बसला तो इथे. आधी संताप आला, तो भामाचा. कमळाकर भावजींचं डोकं असल्या गोष्टींत चालत नाही. पोरगा अपूर्व हुशार, पण बापाच्या शब्दाबाहेर नाही, आणि बाप भामाच्या शब्दाबाहेर नाही, हे ती लग्न होऊन आली त्या वर्षापासूनचं. म्हणजे हे भामाचंच. पण त्या संतापाच्या पाठोपाठ, दार लोटून मांजर यावं तसं काहीतरी दुसरं आत आलं, आणि ते काय हे तिला लगेच ओळखू येईना.

"बाकी कुनाला पन म्हंजे कुनाला?" तिने विचारलं.

"कुणालाही. सिंगापूरचा एक फंड आहे, तो घेईल बहुतेक."

"तू बगितलास त्याला?"

"आई, बघायचं काय त्यात? पैसेवाले लोक आहेत."

न बघितलेला सिंगापूरवाला चालतो. चंद्रावती लग्न करून आली तेव्हा हाफपँटीतला कमळाकर तिच्या हातची पहिली भाकरी खाऊन म्हणाला होता, वयनी, आईपेक्षा बरी हाय, आणि त्याबद्दल आईची थप्पड खाल्ली होती. तो चालत नाही. बरोबर आहे, चालू नयेच. तिनेच गेली इतकी वर्षं या घरात त्यांचं नाव निघालं की ताट वाजवून विषय मोडला होता. धनेश चुकला कुठे? जे शिकवलं तेच पोराने लिहिलं. हेतलने पेन पुढे केलं. दोघांनाही खात्री होती की या सहीला म्हातारी वेळ लावणार नाही, उलट दोनदा करील.

तिने पेन घेतलं. टोपण काढलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "ज्याने बँकेचा वाटा घेतला तो येतो का दारात?"

"म्हणजे?"

"म्हंजे आता हिशोब त्याचा, तर त्याला यायला लागत असंल ना. बसायला, बोलायला."

हेतल हसली. वाईट हसली नाही. "नाही हो काकू. कोणी येत नाही. मेल येतो. चौघांच्या वतीने एक मोठी बँक सगळं बघते, बाकीचे आपलं तोंडही बघत नाहीत."

"भूमिपूजनाला आलेले ना बँकेचे साहेब. मी पेढा दिलेला एकाला. टकला होता."

"तो शो होता आई," धनेश म्हणाला. "कर सही."

पण पेन खाली टेकेना. चंद्रावतीने टोपण परत लावलं. "जेवून आल्यावर करते."

"आई, पाचपर्यंत पाठवायचंय."

"पाच वाजायला काय आज नव्याने लागलेत? रोज वाजतात."

खाली येऊन तिने गाडी बोलावली नाही. रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला भामा राहते त्या गावाचं नाव सांगितलं, नेरं, तेव्हा तिलाच तो आवाज दुसऱ्या कुणाचा वाटला. येणं-जाणं पकडून एवढे होतील, तो म्हणाला. "जानं पक्कं हाय," ती म्हणाली, "येन्याचं मागाहून बगू." पूल ओलांडून रिक्षा माथेरानच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना इमारती, त्यांच्या अंगावर पडद्यासारख्या हिरव्या जाळ्या, फलकांवर हसणारी कुटुंबं. एखादी धनेशचीही असेल, तिला वाचायचा कंटाळा यायचा. हेतलने जे सांगितलं ते तिला पटलं नव्हतं. पोरगी हुशार, पण उधाण कधी बघितलेलं नाही तिने. खाडीकाठच्या माणसाला जमीन म्हणजे बांध, हे शिकवावं लागत नाही. भरतीचं पाणी बाहेर, भात नि मीठ आत, मधे मातीचा बांध, तो सगळ्या वाटेकऱ्यांचा मिळून. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा बांध त्याने सांभाळायचा. पुनवेच्या उधाणाला कुठे माती सुटली की हाक पडायची, आणि हाक आली की जेवतं ताट ठेवून फावडं घेऊन धावायचं. नवरा घरी नसला तर बायकोने पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन. म्हणून वाटा विकायला निघाला की गाव पैशाचं विचारत नसे, एवढंच विचारी, घेणारा येणार का? मोरा बंदराच्या अय्यूब शेठने एकदा वाटा घेतला तेव्हा म्हातारे कुरकुरले होते, सुक्या मासळीचा व्यापारी, तो कशाला चिखलात उतरतोय. श्रावणातल्या उधाणाला बांध सुटला तर शेठ लुंगी खोचून सगळ्यांच्या आधी छातीएवढ्या पाण्यात उभा, आणि त्याची बायको सुगरा काठावरून ओरडतेय, अजी, चश्मा तो निकालो! त्या दिवसानंतर शेठच्या वाट्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जो येतो तो वाटेकरी. एकाचा हक्क दुसऱ्याकडे कसा जातो याचा चंद्रावतीच्या डोक्यात हा एवढाच कायदा होता, आणि त्या कायद्याने कमळाकर बँकेच्या जागी बसला तर त्याला यावंच लागलं असतं. तो आला की ती आली असती. एकटा कुठे जातो तो?

असं म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की मघाशी, पेन हातात असताना, आपण मनातल्या मनात भामाला कुठे बसवायचं ते ठरवत होतो. सोफ्यावर नाही, सोफ्यावर ती अवघडते. आतल्या खोलीत, खिडकीखाली, जिथे फरशी उन्हाने कोमट असते तिथे. आणि काय करायचं खायला, वाल की सुकट, आणि सुनेला, दीपिकाला, कुठे पाठवायचं तेवढ्या वेळात. रिक्षा एका खड्ड्यातून गेली आणि चंद्रावतीला लाज वाटली, उघड्यावर पदर सरकावा तशी. म्हणजे तू भामाची वाट बघतेस. म्हणजे सगळी कंपनी, पोराची छाती फुटेपर्यंतची धावपळ, चार बँका, हे सगळं कशासाठी, तर त्या निमित्ताने भामा दारात यावी म्हणून तू सही अडवलीस. थू तुझ्या जिण्यावर. तिने खरंच बाहेर थुंकल्यासारखं केलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

पण एकदा उघडलेली उघाडी, ती बांधातली पाणी सोडायची लाकडी झापड, पाण्याच्या जोरापुढे हाताने बंद होत नाही. भामा चिरनेरहून सून होऊन आली ती डोंगराकडची पोर. खाडीच्या वासाने तिला पहिले आठ दिवस जेवण जाईना. सासू म्हणाली, नाटकं. चंद्रावतीने रात्रीच्या भाकरीत लपवून गुळाचा खडा दिला होता. मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा असतो, तर चंद्रावतीने तिला कमरेला धरून शिकवलं होतं, टाच आधी, बोटं मागून, घाई नाय. दोघी एकमेकींच्या कमरेला हात घालून एका तालात चिखल तुडवायच्या, सकाळचं ऊन पाठीवर, समोर पाणी आरशासारखं, त्यात दोघींची उलटी डोकी. बोलायचं काही नसायचं. बोलायचं नसणं म्हणजे काय हे आता कळत होतं. आता घरात दीपिकाशी बोलायचं तर वाक्य पुरं करावं लागतं, कर्ता, कर्म, कुठे ठेवलं, कशाला हवं. पोर चांगली आहे, ऐकून घेते, "आई, तुम्ही बसा, मी बघते," म्हणते. भामाला "अगो ते" एवढं म्हटलं की ते तिच्या हातात यायचं. आणि संध्याकाळी, मिठाने टाचांना भेगा पडलेल्या असत, त्यांत भामा मेण नि खोबरेल कढवून गरम गरम भरायची. "पाय दे, बाय." "देऊ म्हंजे? पाय काय उसना मागतेस?" "उसनाच. उद्या तुला परत चालायचा हाय." आणि टाच हातात घेतल्यावर ती थोडा वेळ तशीच धरून ठेवायची, मेण थंड होईपर्यंत. गेल्या वर्षी दीपिकाने हौसेने नव्या पनवेलच्या पार्लरात नेलं होतं. तोंडाला फडकं बांधलेल्या एका पोरीने सुगंधी पाण्यात पाय बुडवून टाचा घासल्या, गुळगुळीत केल्या, आणि चंद्रावती त्या मऊ खुर्चीत, भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत, कुणाचं तरी मढं झाकून ठेवावं तशी गप्प बसून राहिली होती. दीपिकाला वाटलं, सासूला आवडलं नाही. आता भेगा पडत नाहीत. मऊ टाचा घेऊन जायचं कुणाकडे?

भांडण दोघींचं नव्हतंच. खार, म्हणजे बांधाआडची ती भाताची नि मिठाची जमीन, इमारतींना द्यायचा की तसाच ठेवायचा, यावरून भाऊ भांडले. हिराजी, तिचा नवरा, हट्टी. कमळाकर त्याहून गप्प, आणि गप्प माणसाचा हट्ट जास्त खोल असतो. अंगणात दोरी लावून घर मोजलं त्या दिवशी सकाळी दोघींनी एकाच चुलीवर भाकऱ्या टाकल्या होत्या. दुपारी भांडी वाटली. वाटताना दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर भांडी वाटली गेली नसती. मग एकमेकांच्या घरचं पाणी बंद झालं. हिराजी वारला तेव्हा भामा दहाव्याला आली, बायकांत मागे बसली, उठून गेली. चंद्रावतीला वाटलं होतं, निदान जाताना खांद्याला हात लावील. आपण का नाही उठून लावला? असं कसं लावणार. थोरलीने उठायचं नसतं. धाकटीने यायचं असतं. ही रीत आहे, आणि रीत मोडून जगता येतं असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. हिराजीशी भांडता आलं असतं, पण मेलेल्या माणसाशी भांडण जिंकण्यात अर्थ नसतो, आणि जिवंत होता तेव्हा तिने त्याचीच बाजू घेतली होती, मोठ्या आवाजात, चार गावांना ऐकू जाईल अशी. तो मोठा आवाजच नंतर तिच्या वाट्याला आला. कुणी विचारलं, काय हो, धाकट्या जावेचं काय, की तो आवाज आपोआप वर चढायचा.

नेऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी भामाचा बंगला होता, पांढरा, पुढे हिरवळ, हिरवळीवर कुणी न बसणारा झोपाळा. चंद्रावती फाटकाशी उभी राहिली आणि तिला वाटलं, रिक्षा अजून गेलेली नाही, परत फिरता येईल. तेवढ्यात दार उघडलं. भामा काठी टेकत बाहेर आली. केस पांढरे झालेले. कुणी सांगितलं नव्हतं की केस पांढरे झालेत. काचेमागून दिसले नव्हते.

"या," भामा म्हणाली. "बसा ना आत."

या. बसा. उभ्या जन्मात भामाने तिला तू सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. आत गेल्यावर भामाने तिला मोठ्या सोफ्यावर बसवलं, स्वतः समोरच्या उंच खुर्चीत बसली, गुडघे वाकत नाहीत म्हणून, ते खरंच होतं. पण तिथून ती चंद्रावतीकडे वरून बघत होती. काचेच्या पेल्यात पाणी आलं. साधं की फ्रिजचं? ताटलीत काजूकतली. तुमची तब्येत कशी, दीपिका कशी, बरं चाललंय ना सगळं. इतकं जपून, इतकं धुतलेलं बोलणं, की चंद्रावतीला ऑफिसातली चाकांची खुर्ची बरी वाटायला लागली.

"बँक कुटं बसनार हाय?" चंद्रावती म्हणाली. "हितं का वरच्या मजल्यावर?"

भामाचा हात मांडीवर थांबला. "कलला तुला?"

तू. चंद्रावतीने पाण्याचा घोट घेतला, म्हणजे तोंड झाकता येईल. "सगल्या पनवेलला कलला असंल. धनेशने तुमचा नाव नको म्हनून लिवलंय. माजी सही तेवढी रायलीय. म्हटला, बगून यावा सावकारीण कशी दिसते."

"कशी दिसते?"

"म्हातारी."

"तू काय कवली पोर दिसतेस?" भामा म्हणाली, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिने तो लगेच जागेवर आणला. खिडकीबाहेर बघत ती सांगायला लागली, काठीची मूठ अंगठ्याने घाशीत. "ह्यांना काय पन परलेला नाय. अपूर्व तर नायच म्हनत होता, आयशी, त्यांचा आपला पटत नाय, कशाला त्यात परायचा. मीच मागं लागले. माज्या बांगड्या मोडते म्हनाले, पन तो वाटा घे. धनेशला खाली बगायला लावायचा म्हनून नाय, बाय. तुज्या गल्याची शपथ. मना वाटला, बँकेच्या जागी आपन बसलो तर हिशोबाला त्यांना यायला लागंल नायतर आपल्याला जायला लागंल. धनेश येल, दीपिका येल, मंग एक दिस कायतरी अडंल नि तू येशील. नायतर ह्या पायांनी आता मी कुटं जानार? नि तू काय येनार होतीस? तू थोरली."

चंद्रावतीला एकदम खूप थकल्यासारखं झालं. बाहेर कुणीतरी नळीने हिरवळीला पाणी घालत होतं, मातीचा वास येत होता, गोड्या मातीचा, खाडीच्या नाही. आपण केली तीच चूक. डोंगराकडून आलेली पोर, तिला खाडीचा वास सहन होत नव्हता, आणि बघा, तीच चूक करते आहे, त्याच बांधावरून, त्याच जागेवरून घसरते आहे.

"कोनी येत नाय, भामे," ती म्हणाली. "मी विचारला वकिलीणीला. मेल येतो."

"मेल?"

"फोनात."

भामाने काठी मांडीवर आडवी घेतली. "मंग त्या वाट्याचा उपयोग काय?" तिने विचारलं, अगदी खरं न कळून, आणि चंद्रावतीला हसू आलं. "सिंगापूरवाल्याला विचार," ती म्हणाली. "तो घेनार हाय बोलतात."

"तो कोन?"

"मना काय माईत. धनेशने पन बगितला नाय."

भामा काठी टेकून पुढे सरकली. "नाय आला तर नाय आला कोन. पन तू सही नको करूस. आमचा नाव काडून टाकायला सांग. मेल तर मेल. तुमच्या घरातून आमच्या घरात कायतरी जाईल तरी. नि बाय, एकांदा हप्ता मागं-पुडं झाला ना, तर मी अपूर्वला सांगेन, बोलू नको कायपन, दम काड. धंदा हाय, होतो उशीर. तुमाला तरास होनार नाय. मी हाय ना."

मी हाय ना. हे ऐकण्यासाठी चंद्रावतीने किती दुपारी खिडकीखालच्या कोमट फरशीवर बसून काढल्या होत्या. आणि आता ते आलं तर असं आलं, हप्त्याच्या अंगाने, दयेच्या सुरात. समोर भामाचा हात होता, काठीवरचा, शिरा वर आलेला. हात लांब केला तर लागेल एवढा जवळ. हो म्हटलं की झालं. सही करायची नाही. धनेश चिडेल, चिडू दे. मग एखादा हप्ता चुकेल, चुकतोच, बाजार कधी सारखा असतो? भामा अपूर्वला सांगेल, दम काढ. आणि आपण? आपण त्या दिवशी काय करू? फोन करू, भामा, बरं झालं हो सांगितलंस. दिवाळीला आधी फराळ पाठवू. ती काही चुकीचं बोलली तर ऐकून घेऊ. तिच्या सुनेला चांगली म्हणू, नसली तरी. तिच्या काजूकतलीला गोड म्हणू. रोज थोडं थोडं जपून, थोडं थोडं धुवून बोलायला शिकू, आत्ता ती बोलते आहे तशी. आणि एके दिवशी आपल्याला कळेल की भामा दारात आलीय, खिडकीखाली बसलीय, आणि आपण तिच्याशी काहीही बोलू शकत नाही. हे चित्र इतकं स्पष्ट होतं की तिला त्यातला पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. मग ती समोर बसलेली भामा त्या दुसऱ्या भामापेक्षा, जी अजून यायची होती, तिच्यापेक्षा जवळची वाटायला लागली. नाव नको म्हणून लिहिलेली, पाणी बंद असलेली, काच वर करणारी. हिच्यावर निदान रागावता येत होतं. रागावणं हे एकच तर उरलं होतं तिच्याजवळ, आणि ते तिने जिवापाड जपलं होतं.

चंद्रावती उठली. मऊ सोफ्यातून उठायला वेळ लागला, भामाने आपोआप हात पुढे केला, आणि तिने तो धरला, घट्ट, हाडं दुखतील इतका, उभी राहिल्यावरही सोडला नाही.

"सही करायला चाललेय मी," ती म्हणाली. "तुमचा नाव नकोवाल्यांतच राहनार. माजा कर्जा त्या सिंगापूरवाल्याला जाऊ दे, चोराला जाऊ दे, तुला मिलनार नाय. सावकारणीला शिव्या देता येत नाय, भामे, नि माज्याजवल इतक्या वर्सांच्या साटल्यात, सगल्या तुज्या नावाच्या. त्या मना दुसऱ्या कोनाला द्यायच्या नाय. सरक, बस खाली, आता ऐक."